कुलूप

झोंब्याहून आलेला मुलगा आंब्याखाली बसलाय,
मांडीवर पाटीएवढा फोन,
बुटांना आमच्याच वाटेची लाल माती.
एनेलेसी, तो विचारतो, पैशांचं काय केलंत?
आणि वाचून दाखवतो:
अन्न, शाळा, औषध, घर, जनावर.

अन्न लिही आधी.
पण नुसतं अन्न लिहू नकोस.
मेसेज वाजला तेव्हा जानेवारी होता,
कणगीचा तळ नखांनी खरवडून झालेला,
मका गुडघ्याएवढा, कणीस दोन महिने लांब.
या दिवसांत मी दरवर्षी अंधारात उठून
दुसऱ्याच्या शेतावर जायचे. गान्यू म्हणतो आम्ही.
दिवसभर त्याचं तण काढायचं,
संध्याकाळी चितेंजेच्या टोकाला गाठ मारून
दोन वाट्या पीठ आणायचं,
आणि तोवर माझ्या शेतात
तण माझ्या मक्याच्या डोक्यावर.
आजची भूक भागायची,
पुढच्या वर्षीची पेरली जायची.

यंदा मालकाने दारात सायकलची घंटी वाजवली.
मी म्हटलं, आज जमणार नाही.
चाळिशी उलटली माझी, पोरा,
हे तीन शब्द एका ओळीत
पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडले.
मग कुदळ उचलली आणि
माझ्याच शेतात गेले.
याला रकाना कुठला?

तो बोटाने खाली खाली जातो.
'इतर,' म्हणतो.

बरं. शाळेपुढे साबण लिही.
शाळा फुकटच आहे, साबण नाही.
तियामिके मागच्या भिंतीला टेकून बसायची,
कुणाला वास येऊ नये म्हणून.
आता पुढे बसते,
आणि घरी येऊन मला हिशेब शिकवते, आगाऊ कार्टी.

दारू? मुलाचा आवाज खाली येतो.
हो. वायसनने आणली एकदा,
पत्रे चढले त्या संध्याकाळी.
चिबुकूचं एक पाकीट,
पत्रे धरायला आलेल्या पाचजणांत फिरवलं.
लिही की. लपवायचं काय त्यात?
तुझा पगार होतो तेव्हा
तुला येऊन कोण विचारतं?

तो बुटांकडे बघतो.
मला जरा वाईट वाटतं, त्याचं वय ते काय.
त्याला भाजलेले शेंगदाणे देते.

आणि कुलूप.
कुलूप राहिलंच.
आजवर दाराला कडीसुद्धा नव्हती,
चोर आला असता तर
त्यालाच काहीतरी ठेवून जावं वाटलं असतं.
आता आत दोन पोती मका आहे.

नासिबेकोचं घर दिसतंय का तुला?
ओढ्यापलीकडचं, गवती छपराचं.
तिचा जानेवारी आणि माझा जानेवारी एकच होता.
तुमची यादी ओढ्याशी थांबली.
महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही,
आणि पत्र्याची चकाकी मी कुठे लपवणार?
टोपलीभर मका घेऊन गेले
तर म्हणाली, मी मागितला होता?
मग मीच तिला खुरपायला बोलावलं.
मजुरी पूर्ण दिली, काम दुपारपर्यंतच,
उरलेला दिवस तिच्या स्वतःच्या शेताला.
ती आली. पैसे मोजून घेतले.
जाताना म्हणाली, येते, मालकीणबाई.
म्हणाली, पण हसली नाही.

हे लिहू नकोस.

मुलगा फोन बंद करतो,
कापडाने काच पुसतो.
पुढच्या वेळी यादी ओढा ओलांडेल का, मी विचारते.
माहीत नाही, म्हणतो. खोटं बोलत नाही, तेवढं बरं.
मग त्याची मोटारसायकल तळ्याच्या वाटेने
धुरळ्यात दिसेनाशी होते.

कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या.
एक माझ्या गळ्यात आहे.
दुसरी दाराआड खिळ्याला टांगलीय,
अजून पिवळीधमक.
येता-जाता खांदा लागतो
आणि ती वाजते.