मधली चित्रं

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
टायरच्या दुकानावर आमचा स्टुडिओ.
खाली दिवसभर चाकं बदलतात,
वर आम्ही चेहरे.

नबील म्हणतो, राजपुत्राने तिला पाहिलं
की अकरा चित्रांत प्रेम झालं पाहिजे.
अकरा. म्हणजे अर्धा सेकंदही नाही.
मी करून देते, ते सोपं असतं.
बुबुळं मोठी करायची, त्यांत एकेक चांदणी,
वारा नसताना केस उडवायचे
आणि मागचा बाजार पुसट.
भुललेल्याला बाजार दिसत नाही,
कोथिंबीर कितीला, ऐकू येत नाही.
आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, भूल:
दवाखान्यातली, आणि ही.
दुखतं ते उतरल्यावर,
पण तोवर पडद्यावर
नावं सरकायला लागलेली असतात.

माझं काम मधल्या चित्रांचं.
मोठे कलाकार दोन टोकं काढतात.
हात इथे. हात तिथे.
इथून तिथे जाताना तो कचरला का,
जड झाला का,
हे माझ्याकडे येतं
आणि कुणी विचारत नाही.

त्याच पुसट बाजारात, पार कडेला,
जाळं सांधणारा एक म्हातारा, त्याची बायको.
पटकथेत त्यांना नाव नाही,
तीन सेकंद नुसतं बसायचंय.
मी ऊन थोडं पुढे सरकवलं,
तिच्या पावलावर आणलं.
म्हातारा तिच्याकडे बघत नाही,
गाठ मारायची थांबवत नाही,
फक्त बोटभर कलतो,
की त्याची सावली तिच्या पावलावर यावी.
बहात्तर चित्रं. नऊ रात्री.
राजपुत्रात आम्ही जीव ओततो.
ह्याने लावलाय.

हे मला सुचलेलं नाही.
विद्याधर हमरियाहून रात्रपाळी करून येतो,
पहाटे साडेपाचला.
आमच्या दाराची बिजागरी कुरकुरते,
म्हणून तो दार किंचित उचलून लावतो,
दोन्ही हातांनी, डबा दातांत धरून.
चौदा वर्षं.
मला कधी सांगितलं नाही त्याने.
एकदा ताप होता, जागी होते,
म्हणून दिसलं.
डोळे मिटून घेतले मी. त्यालाही सांगितलं नाही.

नबीलने तो तुकडा पाहिला. म्हणाला,
"इथे काहीच घडत नाही."
मी म्हटलं, "हो."
त्याने दाढी खाजवली, पुन्हा लावला,
पुन्हा एकदा.
मग तीनाचा एक सेकंद केला.
राजपुत्राच्या गाण्याला जागा हवी होती.

आता म्हातारा कलायला लागतो
आणि दृश्य बदलतं.
सावली निघते. पोचत नाही.

आज पहाटे दाराचा काहीच आवाज आला नाही.
म्हणजे आला होता.