गजभिये बाईंचा कागद

सीताबर्डीत, चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस.
मे महिना, सेहेचाळीस अंश, कूलरच्या ओल्या गवताचा वास,
आणि मी टाइप करतोय: उन्हापासून जपा.

बाप्पा, नागपूरच्या माणसाला हे सांगायचं!
पण सांगावं लागतं. तिथलं ऊन वारा घालत घालत भाजतं,
रात्री पाठ टेकली की कळतं.
दुपट्टा न्या. तोंडाला बांधू नका, लोक दचकतील.
खांद्यावर घ्या.

"बार्बाडोस," म्हणाल्या होत्या कौसल्या गजभिये.
मेयोतून निवृत्त, इन्चार्ज सिस्टर, एक गुडघा नवा.
सोबत कोण? "मीच."
केरळ दाखवलं, अंदमान दाखवलं, हप्त्यावर दुबई.
मान हलली नाही.

"रात्रपाळीला आमचा वॉर्डबॉय तुकडूदास
ट्रान्झिस्टर लावायचा, उशीखाली दाबून.
ब्रिजटाउनची मॅच. इकडे रात्रीचा एक,
सलाइन थेंब थेंब, कुणीतरी आईला हाका मारतंय,
आणि तिकडे लोक भर दुपारी डबे बडवतायत.
स्कोअर मला कधी कळला नाही.
एवढंच बरं वाटायचं,
की कुठंतरी दुपार आहे."

मग फेब्रुवारीचं तिकीट काढलं,
कारण जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचे दिवस.
औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.
लष्करी छापाचं काही नको, नातवाची टोपीसुद्धा,
तिथं कायद्यानं बंदी आहे.
लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय नाही.
किनाऱ्यावर एक झाड असतं, फळ हिरव्या सफरचंदासारखं,
पुष्कळदा खोडाला लाल पट्टा मारलेला.
खाणं सोडा, पावसात त्याच्याखाली उभंही राहू नका.
पोवळ्यांवर पाय देऊ नका, ती जिवंत असतात.
दुकानात शिरलात की आधी गुड मॉर्निंग, मग भाव.

खाली सही, शिक्का.
समुद्र मी पाहिलेला नव्हता.
माझ्या लेखी लाट म्हणजे
फुटाळ्यावर पेडलबोट गेल्यावर जी येते ती.

मार्चमध्ये बाई आल्या, दोन शेड सावळ्या.
टेबलावर कागद ठेवला.
खाऱ्या पाण्यानं पापडासारखा झालेला,
समासात पेन्सिल, केसपेपरवर असतं तसं अक्षर.

झाड: बरोबर. लांबून नमस्कार केला.
गुड मॉर्निंग: इतकं चाललं, की बसस्टॉपवर एका म्हातारीनं
सरकून जागा दिली, वर तळलेला मासा.
चष्मा घालून पाण्यात जाऊ नये, हे लिहिलं नव्हतं. गेला.
समुद्राकडे पाठ करू नये, हेही नव्हतं.
"लिहा," म्हणाल्या, "लाट मोठ्या डॉक्टरांच्या राउंडसारखी येते,
तुम्ही वळेपर्यंत पलंगाशी."
गुडघा: पाण्यात दोन्ही सारखेच वाटतात.

आणि सगळ्यात खाली, उभ्या समासात, बारीक:
रात्रीचे दहा. झोप नाही.
बाहेर नखाएवढे बेडूक शिट्ट्या मारतात.
घड्याळात साडेनऊ तास मिळवले.
नागपुरात सकाळ. पोहेवाला तर्री ओततोय,
दिवसपाळीची पोरगी रजिस्टरवर सही करतेय.
बरं वाटलं.

मी वाचलं. बाईंनी पर्स उघडली, बंद केली.
"चहा सांगा," म्हणाल्या, "तिकडं दूध घालायला विसरतात."

आज इतवारीच्या सराफाचा मुलगा, नवी बायको,
तेच बेट. वायफाय आहे का, विचारतात.
आहे जी, म्हणतो, आणि नवा कागद काढून देतो.
ती बोट ठेवत वाचत जाते, शेवटच्या ओळीशी थांबते:
झोप न आल्यास साडेनऊ तास मिळवावेत.
"म्हणजे?"

मी तिच्याकडे पाहतो. पंचवीसची असेल.
म्हणतो, चष्म्याला दोरी लावून घ्या,
खालच्या दुकानात मिळते.