डाव्या नडगीवर व्रण

दर चौदा वर्षांनी अर्सिनोएत शिरगणती होते.
कारकून सोतास मांडी घालतो,
बोरूचं टोक जिभेवर ओलं करतो
आणि विचारतो, मागच्या खेपेला विचारलं तेच:
नाव?
कोप्रिया.

हसू दाबायची गरज नाही, सोतास.
कोप्रिया म्हणजे उकिरड्यावरची.
या गावात आम्ही पुष्कळ आहोत.
विणकरांच्या आळीत तिघी, धक्क्यावर एक हमाल,
गेल्या साली वारला तो न्हावी.
राखेत, खरकट्यात, माशांच्या खवल्यांत
कुणीतरी ठेवून गेलं, कुणीतरी उचललं.
उचललं म्हणजे माया केली असं नव्हे.
पेतोसिरिसने उचललं, कारण
फुकटची पोर सोळा वर्षांनी बऱ्या किमतीला जाते.
दुधाचाही करार केला त्याने:
थेर्मुथिसने दोन वर्षं पाजायचं,
महिन्याला आठ द्राख्म, वर तेल;
मूल दगावलं
तर तिनेच दुसरं आणून द्यायचं.
त्या कागदात माझ्या जागी कुणीही चाललं असतं.

थेर्मुथिस मात्र
करार संपल्यावरही दोनदा येऊन गेली म्हणे,
मागच्या दाराने.

वय?
पन्नासच्या आसपास. उकिरड्याला तिथी कुठली?
खूण?
डाव्या नडगीवर व्रण. मागाची फळी पडली होती.
बाप?

इथे तो उत्तरासाठी थांबत नाही.
स्वतःच लिहितो: बाप नाही.
एकच शब्द आहे त्यांच्याकडे त्यासाठी,
बोरू न उचलता लिहिता येतो.

मागच्या खेपेला मी मुकाट मान हलवली होती.

मधल्या काळात पनेखोतेस भेटला, म्हातारा कांदेवाला.
त्याच्या मागच्या खोलीत आम्ही
आठवड्याच्या पहिल्या दिवशी उजाडायच्या आत जमतो.
त्याने एकदा कुठल्या दूरच्या मंडळीचं पत्र वाचलं,
नकलेची नक्कल, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
त्यात होतं: दत्तक घेतलं. पुत्र म्हणून.
मी मध्येच बोलले, बायांनी कोपर मारलं तरी बोलले:
दत्तक मुलगा घेतात, बाबा.
कुळ चालायला, शेत राखायला,
तोही पारखून, घराणं बघून.
उकिरड्यावरची बाई कोण घेईल?
आणि घेतलीच, तर तिला वाटा कसला?

पनेखोतेसला उत्तर येत नव्हतं.
तो कांद्याच्या सालीशी चाळा करत राहिला.
मग म्हणाला,
इथे मुलगी लिहिलं असतं
तर तुझी हुंड्यावर बोळवण झाली असती, कोप्रिया.
पुत्र लिहिलंय. वाटा घे.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात.
माझे फिटायला पन्नास लागली.
कालव्याच्या गार पाण्यातून वर आले तेव्हा
तोंडातून निघालं ते ग्रीक नव्हतं,
आमची गावठी बोलीही नव्हती.
अब्बा.
परमुलखातल्या पोरांची हाक.
ओठ मिटायचे, उघडायचे, झालं.
दात नसले तरी जमते.

नवं नाव घे म्हणाले सगळे. एरेने घे, सुझन्ना घे.
मी नाही घेतलं.
ज्याने उचललं
त्याला कुठून उचललं ते ठाऊक होतंच की.

तर लिही, सोतास. बाप नाही असंच लिही.
तुझ्या बाडात त्याचं शेत नाही,
त्याला कर लागत नाही,
खूण विचारशील तर व्रण आहेत, हातांना.
मी भांडत नाही तुझ्याशी.

फक्त लवकर आटप.
पहाटे येताना मासळीबाजारामागे
मांजरासारखा आवाज येत होता.
रांगेतली जागा जाईल म्हणून मी थांबले नाही.
मघापासून तेच टोचतंय.
मांजर असलं तर बरंच.
लोकर शेजारणीकडे दिलीय,
टोपली रिकामी आहे.