शून्यांची वही

खाणीच्या तोंडातून निघून शाळेमागून जाणारा
आमचा ओढा नारिंगी होता.
पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात
हा रंग कुणाला खटकत नसे.
चित्रकलेच्या तासाला ओढा काढा म्हटलं
की आम्ही नारिंगी खडूवर तुटून पडायचो
आणि नवी आलेली येसेनिया
निळा घेऊन बसायची, एकटी.

खाण बंद होऊन साठ वर्षं झाली होती.
पाणी मात्र अजून पाळीवर जात होतं.
खाली काळोखात उतरायचं,
अंगभर गंज माखून वर यायचं.

दर एप्रिलला वोयचिकबाई
आम्हाला गमबूट घालून त्यात उतरवायच्या.
एमलिनकडे जाळी, कारण त्याचे हात लांब.
ब्रोन्याकडे कागदी पट्ट्या:
बुडवायची, झटकायची, रंग जुळवायचा.
साडेतीन.
"व्हिनेगरहून जरा बरं," बाई म्हणायच्या.
माझ्याकडे वही.
मेफ्लायची पिल्लं, शून्य.
स्टोनफ्लायची, शून्य.
गोगलगाई, शून्य.
माझ्याआधी वही ज्याच्याकडे होती
त्याची शून्यं लांबुळकी, अंड्यासारखी,
त्याच्याआधीच्या मुलीची अगदी गोल, कंपास लावल्यागत.
अकरा वर्षांची शून्यं मी उलटून पाहिली होती.

गाव त्या ओढ्याला पाण्यात पाहायचं.
आम्ही नुसतं पाण्यात पाहायचो,
पांढऱ्या ट्रेमध्ये, नाक टेकेपर्यंत.
काही हललं तर ती गंजाची साय असायची.

सहावीच्या वर्षी वरच्या अंगाला
चुनखडीची डबकी बांधली.
पाणी तिथे थांबायचं, जरा मवाळ व्हायचं, मग पुढे.
ब्रोन्याने पट्टी बुडवली. पुन्हा बुडवली.
तिसरी बाईंच्या हातात दिली.
पाच.

आणि तेवढ्यात ट्रेमध्ये
तीन शेपट्या.
पोटाच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे कल्ले,
धापा टाकणारे.

एमलिन किंचाळला.
येसेनियाने श्वास धरला, ट्रे डुचमळू नये म्हणून.
बसचे ड्रायव्हर ग्रिगास, जे कधी
स्टिअरिंग सोडून खाली उतरत नसत,
काठापर्यंत चालत आले
आणि त्यांनी टोपी काढली,
कुणी गेल्यावर काढतात तशी.

वही माझ्या हातात.
आणि जाकिटाच्या खिशात रिकामी बाटली,
जिच्यातून मी ते आणलं होतं
मामाच्या कुरणावरच्या झऱ्यातून,
आदल्या संध्याकाळी.
रात्रभर ते आमच्या फ्रीजमध्ये होतं, लोण्याशेजारी.

बाईंनी खूप वेळ भिंग धरलं.
मग माझ्या ओल्या खिशाकडे बघितलं,
त्यातून उमटलेल्या झाकणाच्या गोलाकडे.
"लिही," म्हणाल्या, "जे आहे ते."

मी एक लिहिला.
उभी रेघ, सगळ्यात सोपा आकडा.
ग्रिगासांची टोपी अजून हातातच होती.
मी खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं,
कागद साबुदाण्याच्या पापडाएवढा पातळ झाला
आणि त्यावर मी शून्य काढलं
तेव्हा पेन्सिल आरपार गेली.

एमलिन जूनपर्यंत माझ्याशी बोलला नाही.
त्याच दुपारी बाईंनी मला गाडीत बसवलं,
मांडीवर ट्रे, वळणावर गाडी हळू,
आणि झऱ्याशी मी ते पिल्लू सोडलं.
ते लगेच एका दगडाखाली गेलं.
परतताना बाई रेडिओवर बेसबॉल ऐकत होत्या.

वही अजून शाळेत आहे म्हणतात.
त्या पानावर भोक आहे, त्यातून
पुढच्या वर्षाचं पान दिसतं.
आणि पाण्याच्या रकान्यात काहीच नाही.

ती पट्टी खरी होती.
साडेतीनावरून पाच,
साठ वर्षांत पहिल्यांदा,
आणि त्या गडबडीत
ते लिहायचंच मी विसरले.