डावी बाजू

वेंडेलच्या काचकपाटात, ओरेगनला,
एक पितळी इंजिन. रंग न दिलेलं.
तिन्ही सिलिंडर उजवीकडे, उभे,
म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला,
कडेवर मूल घेतलेली बाई
उभी राहते, तसं.

असलं एकच बनलं.
डोंगरातून ओंडके ओढले, भंगारात गेलं.
फोटो उरला एक, उजव्या बाजूचा.

डावी बाजू सायतामाच्या निशिगाकीने
मनानेच झाळली:
वाकडी नळी, चार रिव्हेट जास्तीचे,
आणि पायरीशी टांगलेली
डाळीएवढी बादली.

वेंडेलचा बाप त्यावर कोळसा नाही,
लाकडं सारायचा.
भिंग धरून बराच वेळ बघत राहिला.

"बादली होती," म्हणाला.
"पण गळकी."