आधी बूट

भद्रकालीत, तांबटांची ठोकठोक विरते तिथे
दस्तगीर शिकलगारांची पाटी होती :
बंदुका, काडतुसे, दुरुस्ती. उधारी नाही.
मी पावत्या फाडायचो. सन एकोणसत्तर, पगार साठ रुपये.

दिवाळी सरली की गिऱ्हाईक लागायचं.
बागायतदार, देवळालीचे सुभेदार,
एक दातांचे डॉक्टर, कोतवाल नावाचे,
ज्यांना वाटायचं, नळी जितकी जाड तितका माणूस मोठा.
चाचा आधी चहा सांगत. मग विचारत,
"काय मारणार?"
"हरीण."
"खाणार?"
"म्हणजे काय!"
"मग ही ठेवा खाली.
हिनं हरीण मरत नाही, सांडतं."

सशाला पॉइंट टू-टू, तीही पन्नास पावलांच्या आत,
वारा पडलेला असेल तर.
तितराला बारा बोअर, सहा नंबरचा छर्रा, लाव्याला आठ.
लाव्यावर चार नंबर झाडलात
तर ताटात पिसं आणि शिसं.
हरणाला थ्री-फिफ्टीन पुष्कळ झाली,
ईशापूरची, दिसायला ओबडधोबड,
पण खोटं बोलत नाही.

मग डोळे मिटायला लावत.
"उचला. गाल टेकवा. आता उघडा."
नळीच्या टोकावरची माशी आपसूक समोर दिसली
तर बंदूक तुमची.
मान वाकडी करून शोधावी लागली, तर दुसऱ्या कुणाची.
डॉक्टरांनी अकरा उचलल्या.
शेवटी चाचा म्हणाले, "हात आखूड आहेत तुमचे.
दस्ता बोटभर कापून देतो."

पायरीवर पेठकडचा तुळशीराम भोये बसलेला,
डॉक्टरांचं ओझं वाहायला आलेला.
चाचांनी त्यालाच विचारलं, "तू सांग, काय काय घ्यावं?"
त्यानं कपाटाकडे बघितलंही नाही.
डॉक्टरांच्या पायांकडे बघत म्हणाला,
"आधी बूट. हे करकरत्यात.
मंग ते घड्याळ काढा, चमकतंय.
किल्ल्या घरी ठिवा. अत्तर नगं.
बंदूक कंचीबी चालंल.
भेकराला बंदूक कळत न्हाई, मानूस कळतो."

जानेवारीत मलाही नेलं, काडतुसांची पिशवी सांभाळायला.
डॉक्टरांच्या पायात नवे कॅनव्हासचे बूट.
ओढ्यावर भेकर आलं, पाण्याआधी कान पुढे करून.
सगळं चाचांनी सांगितल्यासारखं झालं :
गाल, दस्ता, माशी.
एकच आवाज.
तुळशीरामनं त्याच्या उघड्या डोळ्यावर तळवा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.

बंदूक साडेतीन किलो,
काडतुसं, पाण्याची बाटली, सुरी, दोर, बॅटरी,
सगळ्याची वजनं मी पावतीमागे टिपली होती.
हे एक राहिलं होतं.
तीन मैल मीच वाहिलं, पाय पुढे धरून, मानेभोवती.
ऊब होती अजून.
आणि सांगायला नको, पण सांगतो :
ते माझ्या खांद्याला
बरोबर बसलं.

बहात्तरला कायदा आला.
चाचा शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावू लागले,
पाटीवरची "काडतुसे" चुन्यानं पुसली,
तरी ऊन पडलं की अक्षरं वर यायची.
डॉक्टरांची रायफल आता त्यांच्या सुनेकडे असते;
निवडणुका लागल्या की ठाण्यात जमा करते,
खंडेनवमीला झेंडूचं एक फूल वाहते.
गोळी मागच्या तीस वर्षांत घरात नाही.

परवा नात आली, मैथिली.
अंजनेरीला गिधाडं बघायला निघालीय,
गंगापूर रोडवरनं दुर्बीण घेतली, पाठपिशवी घेतली,
सगळं पलंगावर मांडून म्हणाली,
"आजोबा, काही राहिलं का?"
मी दुर्बिणीला हात लावला नाही.
खाली बसलो, गुडघे कुरकुरले तरी,
आणि कान फरशीजवळ नेऊन म्हणालो,
चालून दाखव.