वारा कंचा

महापे एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
मी दिवसाला साधारण चाळीस हरणं मारते.
पगार सव्वीस हजार, पीएफ वेगळा.

काम असं की
बर्चच्या रानात कायम पहाटेचे सहा दहा वाजलेले असतात.
धुकं गुडघ्यापर्यंत.
तो नर ओढ्यापाशी येतो, मान खाली घालतो.
खांद्यामागे नेम धरायचा.
पडतो का, कसा पडतो,
पडल्यावर पाय दगडात घुसतात का, बघायचं, लिहायचं.
पुन्हा सहा दहा.
पुन्हा तोच नर, तहान नव्याने लागलेला.

फुप्फुसाला लागली तर रक्त फेसाळ गुलाबी हवं,
यकृताला लागली तर काळपट.
एका मंगळवारी ते निळं आलं.
सगळ्यांनी येऊन फोटो काढले. मी तिकीट टाकलं.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते
रिमोटचे सेल काढून धोतराला चोळत होते.
"मंग खाता कोन त्याला?"
कोणी नाही.
"कोनीच नाय?"
त्यांनी सेल परत बसवले.

गोठवलीत आता खिडकीतून हात काढला
तर शेजारच्यांच्या पडद्याला लागतो.
सिडकोच्या आधी
आबा ठासणीची बंदूक घेऊन अडवली-भुतवलीच्या डोंगरात
भेकरासाठी रात्र काढायचे.
घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

एका रविवारी मी नियम मोडून लॅपटॉप घरी आणला.
आबांनी चष्मा लावला,
माउसला हात लावला नाही,
बोट जिभेवर ओलं करून स्क्रीनसमोर धरलं.
"वारा कंचा?"
खाली कोपऱ्यात बाण आहे बघा.
"बान ऱ्हाऊं दे. वारा कंचा?"
मग पंखा बंद करायला लावला.

मी एक मारून दाखवला.
जागच्या जागी पडला, अगदी स्वच्छ.
"आसा नाय पडत.
धावतो. लय धावतो. मंग उभा ऱ्हातो,
जिथशी आला तिकडं तोंड करून,
घरात काय इसरल्यासारा.
मंग बसतो. पडत नाय. बसतो."
बसतो म्हणताना ते स्वतःच खुर्चीत जरा खाली सरकले.
मग?
"मंग काय. शिजवला."

सोमवारी तिकीट टाकलं, चार हजार एकशे सतरा:
प्राणी पडण्याआधी मागे वळून बघत नाही.
अपेक्षित: बघावं.
प्रत्यक्ष: बघत नाही.
'गांभीर्य' या रकान्यात कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
चार वाजता सौमित्रनं ते बंद केलं.
शेरा: हे असंच ठरलेलं आहे.

ठीक.

पण उत्तरेच्या कड्याखाली एक मादी आहे,
मागून अर्धी बर्चच्या खोडात रुतलेली.
गोळी तिच्यातून आरपार जाते
आणि पलीकडचं बर्फ उडतं.
ती फक्त कान हलवते.
तीन बिल्ड झाली, मी तिची नोंद केलेली नाही.
टीममध्ये अजून कुणाला दिसलेली नाही,
किंवा दिसली असेल, आणि तेही गप्प असतील.

रोज लॉगिन केलं की
पहिली पाच मिनिटं मी तिकडे जाते,
बंदूक पाठीला,
वाऱ्याच्या खालच्या अंगानं.